अक्वा दिलं, अक्वा घेतलं

सरळच सांगून टाकते, मला त्या पोरीचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, घशाखाली घास उतरायचा नाही इतका. चर्चमध्ये पापाची कबुली द्यायला जाते तेव्हा मी बाकी सगळं सांगते, रागावले, खोटं बोलले, उपास मोडला. पण फादरना यातलं अजून अक्षर माहीत नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही काही आमच्या गावचे नाही.

माझं नाव अक्वाउगो. गरुडाचं अंडं. आम्हा इग्बो लोकांत देखण्या मुलीला हे नाव ठेवतात, आणि मी काही देखणी नव्हते, त्यामुळे शाळेत पोरी फिदीफिदी हसायच्या. चर्चच्या वहीत मी फिलोमिना आहे. अक्वाउगो हे आईनं मागाहून लावलेलं, लढाई संपल्यावर. का लावलं ते मी कधी विचारलं नाही. आई आहे, लाडानं काहीतरी म्हणणारच.

उमुओकेरेच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं शिकवतेय. पहिली अठरा वर्षं इतिहास शिकवला. मग सरकारला वाटलं, पोरांना इतिहास कशाला हवाय? विषयच काढून टाकला. मला नागरिकशास्त्र दिलं आणि वर शिवणकाम. शिवणकाम! मला धड सुईत दोरा ओवता येत नाही. दहा वर्षं मी पोरींकडून काजं करून घेतली आणि वाट बघितली. माझे जुने नकाशे कपाटात कुलूप लावून ठेवले होते. वाळवी लागली का बघायला दर सुट्टीत बाहेर काढायचे, पुसायचे, परत आत ठेवायचे. आणि त्या वर्षी बातमी आली की इतिहास परत येतोय.

मुख्याध्यापिका सिस्टर पर्पेचुआंनी मला बोलावलं, तेव्हा मी केस नीट बांधून गेले.

"फिलोमिना, आला बाई तुझा इतिहास परत."

"ऐकलं, सिस्टर. नकाशे तयार आहेत."

"हो, नकाशे दे हं तिला."

"कुणाला?"

"सलामातूला. ताजी पदवी आहे तिच्याकडे, इतिहासाचीच. तुझी आता कशाला धावपळ? आणि एक ऑक्टोबरचा कार्यक्रमही तिलाच बसवू दे. बिशपच्या कचेरीतून फादर येणारेत बघायला. चांगला झाला तर तिला कायमचीच ठेवून घेऊ, असं चाललंय आमचं."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. पण तोंडानं काय म्हटलं? "बरं, सिस्टर." अठ्ठावीस वर्षं मी तेवढंच म्हणत आलेय.

ही सलामातू न्दागी म्हणजे राष्ट्रीय सेवेच्या वर्षाला आलेली पोरगी. आमच्याकडे पदवी झाली की सरकार प्रत्येकाला वर्षभर दुसऱ्याच्या मुलखात धाडतं. इकडची पोरं तिकडे, तिकडची इकडे; लढाईनंतर काढलेली शक्कल, देश एक व्हावा म्हणून. ही ईस्टरनंतर आली. अंगात खाकी गणवेश, पायात ते जाड बूट, डोक्याला हिजाब आणि त्यावर सेवादलाची टोपी. चोवीस वर्षांची, काडीसारखी. मी पहिल्याच दिवशी तिला म्हटलं, "तुम्हा हौसा लोकांना आमचं तिखट झेपायचं नाही."

"मी हौसा नाही मॅडम, नुपे आहे. बिडाची."

"तेच ते."

"तेच कसं? आमच्या बाजारात दक्षिणेकडून कुणीही आलं की त्याला इग्बो म्हणतात. योरुबा माणसं काय चिडतात म्हणून सांगू!" आणि हसली. सगळ्या स्टाफरूममध्ये हशा पिकला. माझ्याच शिवणाच्या मुली दारात उभ्या होत्या, त्याही हसल्या.

मुली तर तिच्यावर लट्टू झाल्या. तिच्या तासाला फळ्यावर तारखा नसायच्याच. ती मुलींना सांगायची, घरी जा, आजीला विचारा, ती तुमच्याएवढी असताना सकाळी काय खायची. झालं, दुसऱ्या दिवशी वर्गात हा गलका! मी भिंतीपलीकडे शिवणाच्या वर्गात बसून ऐकायचे. माझ्या काळी वर्गात सुई पडली तरी ऐकू यायची. मी राजे शिकवले, करार शिकवले, उत्तर-दक्षिण एक कधी झालं ते शिकवलं. बियाफ्राची लढाई, आम्ही इग्बोंनी वेगळा देश मागितला तेव्हाची, पुस्तकात दोन ओळींत होती. त्या दोन ओळी मी वाचून दाखवायचे आणि पान उलटायचे. अठरा वर्षं कुणाचीच तक्रार आली नाही.

इथवरही मी सहन केलं असतं. पण पोरगी माझ्या घरात शिरली.

माझं लग्न झालं नाही. वडील लढाईतच गेले. आई आणि मी, दोघीच, जन्मभर. आई सत्त्याहत्तर वर्षांची. डोळ्यांना दिसतं कमी, पण कान तिखट. तर एका संध्याकाळी घरी येते तो काय, ओसरीवर आईच्या शेजारी ही सलामातू मांडी घालून कालवणात घालायच्या एगुसीच्या बिया सोलत बसलेली! दोघींच्या मध्ये सूप, आणि आई खदाखदा हसतेय. माझ्याबरोबर आई शेवटची कधी अशी हसली होती, मला आठवेना.

"आलीस?" आई म्हणाली. "बघ ही किती भराभर सोलते. तुला अजून जमत नाही."

"मला शाळा असते, आई."

"हिलाही शाळाच असते."

मग आई तिला आमची भाषा शिकवायला लागली. "म्हण बघू, अक्वा."

"अक्वा."

"ते खाट झालं. खाट कुठाय इथे? वर ने शेवटी, वर."

आता हे जरा सांगायला हवं. आमच्या भाषेत शब्द स्वरावर चालतो. अक्वा हा एकच शब्द घ्या. पहिला स्वर वर धरून दुसरा खाली सोडला की झालं कापड. खालून वर नेला की अंडं. दोन्ही वर ठेवले की रडणं, दोन्ही खाली ठेवले की खाट. लिहिताना वर बारीक रेघा देतात, पण आमची माणसं कुठली देतात? जन्मानं कळतं ते. बाहेरच्याची मात्र तिथंच फजिती होते. सलामातू तोंड वेडंवाकडं करून चारही म्हणून दाखवत होती आणि आई डोळे पुसत हसत होती. मी आत जाऊन भांडी आपटली.

मग ती रोजच यायला लागली. आई तिच्यासाठी मक्याचं कणीस भाजून ठेवायची. मला कधी ठेवलं होतं? आणि मी आले की दोघींचं बोलणं थांबायचं. आई काहीतरी सांगत असायची आणि माझी चप्पल वाजली की गप्प. माझ्याच घरात, माझ्याच आईशी!

खरं सांगायचं तर हेवा माझ्या घरात नवा नव्हता. माझा एक भाऊ होता, इकेम. लढाईत गेला, चार वर्षांचा होऊन. तेव्हा सरकारी फौजेनं आमच्या वाटा सगळीकडून बंद केल्या होत्या. मीठ नाही, मासळी नाही. पोरांची पोटं फुगायची, पाय सुजायचे, केस तांबडे व्हायचे, आणि जायची. तसाच तो गेला. मी दोन वर्षांची होते, मला त्याचा चेहराही आठवत नाही. पण आमच्या घरी रोज जेवताना पहिला घास इकेमचा. पन्नास वर्षं झाली, आई पहिला घास पानावर काढून बाजूला ठेवते आणि मगच मला वाढते. त्यातला मांसाचा तुकडाही चांगला असतो. मी तिची औषधं आणली, पाय चेपले, छप्पर दोनदा बदललं, आणि पन्नास वर्षं दुसऱ्या घासाची धनीण राहिले. मेलेल्या लेकराचा हेवा करतेस, लाज नाही वाटत? वाटायची ना. लाजही वाटायची आणि हेवाही वाटायचा.

लढाईबद्दल आई माझ्याशी कधी बोलली नाही. एवढंच, की रस्त्यानं कुणी नवरी जॉर्ज म्हणतात ते भारी कापड नेसून चालली की म्हणायची, "माझंही असंच होतं. गेलं." पळापळीत गेलं असणार, असं मी धरून चालले होते. अंड्याला ती कधी हात लावत नाही. वास सहन होत नसेल, हेही मी धरूनच चालले होते.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सलामातू स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात वही. मी तीस ॲप्रनच्या दुमडी तपासत होते.

"मॅडम, आजींनी लढाईतलं सांगितलंय ते लिहून घेतलंय. इग्बोतच. एक तारखेला वाचणार आहे. स्वरांच्या रेघा तपासून द्याल? तुमच्याशिवाय कुणाला विचारू?"

"आईनं सांगितलं? तुला?"

"हो. आणि दुसरं पान तेवढं नक्की वाचा, मॅडम. ते कार्यक्रमात नाही. पण एक तारखेच्या आधी वाचा."

मी वही उघडली. पहिल्या पानावर गोल, सुबक अक्षरात लिहिलं होतं, की लढाईच्या दुसऱ्या वर्षी आम्ही एका चर्चच्या पडवीत पडून होतो. घरातलं काही उरलं नव्हतं, लग्नातलं जॉर्जचं कापड तेवढं कमरेला गुंडाळलेलं होतं. आणि मग हे वाक्य: मी अक्वा दिलं, अक्वा घेतलं. पहिल्या अक्वावर कापडाच्या रेघा. दुसऱ्यावर अंड्याच्या.

माझ्या मनात अशा काही उकळ्या फुटल्या म्हणता! अंडं? लग्नातलं जॉर्ज देऊन अंडं? अगं बये, आई म्हणाली असणार रडणं. कापड दिलं, रडणं घेतलं. कापडही गेलं आणि नशिबी रडणं आलं. आमच्या जुन्या बायका बोलतातच तशा. आणि या शहाणीनं त्याचं कोंबडीचं अंडं करून ठेवलंय! आता बिशपच्या कचेरीतल्या फादरसमोर, सगळ्या गावासमोर ही वाचणार, आणि गाव हसून लोळणार. मग बघू कुणाला कायमचं ठेवून घेतात ते.

एक रेघ बदलायची होती. पेन माझ्या हातातच होतं. मी वही मिटली.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"सगळं?"

"अगदी."

"दुसरं पान वाचलंत?"

"पहिलं बरोबर आहे तर दुसरंही असेल."

"मॅडम, तसं नाही, ते पान तुम्ही..."

"मला तीस ॲप्रन बघायचेत, सलामातू."

ती वही छातीशी धरून गेली. संध्याकाळी आईनं मला विचारलं, "त्या पोरीनं तुला काही दिलं का वाचायला?" मी म्हटलं, "दिलं, वाचलं." आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "मग?" म्हणाली. मी म्हटलं, "मग काय, छान लिहिलंय." आईनं सूप उचललं आणि आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

एक ऑक्टोबरला देशाचा वाढदिवस. पटांगणात मांडव, हिरव्या-पांढऱ्या पताका, मागे मोठ्या पातेल्यात जोलोफ भात शिजतोय. बिशपच्या कचेरीतले फादर मधल्या खुर्चीवर. पुढच्या रांगेत गावची म्हातारी मंडळी, त्यांत माझी आई, काठी गुडघ्यांमध्ये धरून. मी मुद्दाम बाजूच्या रांगेत बसले, तिथून सगळ्यांची तोंडं दिसतात. रात्री मला नीट झोप लागली नव्हती. लग्नघरातल्या पोरीसारखी मी कूस बदलत होते. लाज नाही वाटत सांगताना असं नाही. वाटते, पण झालं ते हेच.

मुलींनी गाणी म्हटली, नाच केला. मग सलामातू उभी राहिली आणि वाचायला लागली. नुपेंची पोर आमच्या भाषेत वाचतेय म्हटल्यावर लोक आधीच खूश. चर्चची पडवी झाली, जॉर्जचं कापड झालं. आणि मग तिनं स्वच्छ आवाजात, शेवटी नीट वर नेऊन म्हटलं, "मी कापड दिलं, अंडं घेतलं."

मागच्या रांगांतली तरुण पोरं हसली. "काय? अंडं? महागच पडलं की!" कुणीतरी कोंबडीसारखा आवाज काढला. मला इतकं गोड वाटलं! पुढची म्हातारी मंडळी मात्र हसली नव्हती. एकजणही नाही. इतिहासाच्या बाईला यातलं कळायला हवं होतं. मी बघितलं आणि तरी उठले.

"माफ करा फादर, माफ करा सिस्टर. मुलींसमोर चूक राहायला नको." माझा आवाज किती प्रेमळ निघाला! "बाहेरगावच्या माणसाला आमचे स्वर अवघडच. ते अंडं नव्हे, सलामातू. ते रडणं. कापड दिलं, रडणं घेतलं. माझ्या आईचे शब्द आहेत, मी ओळखते." आणि मी चारही अक्वा म्हणून दाखवले, वर्गात म्हणावे तसे. चार लोकांनी टाळ्याही वाजवल्या. फादरनी मान डोलावली. सलामातूनं वही खाली घेतली आणि माझ्या आईकडे बघितलं.

आई काठी टेकून उठली.

"अंडं," ती म्हणाली.

"आई, तू बस."

"मी अंडंच म्हटलंय. कोंबडीचं. कापड दिलं नि अंडं घेतलं, त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

शेजारचे ओकोली आजोबा जमिनीकडे बघत म्हणाले, "तेव्हा कापड देऊन अंडं मिळालं म्हणजे स्वस्तच मिळालं." आता मागची पोरंही गप्प झाली होती. भाताच्या पातेल्यावरचं झाकण वाजत होतं तेवढंच.

मी तरी सोडलं का? नाही. "पण तू रडणं म्हणाली असशील ना, आई..."

"रडत होतीस ती तू," आई म्हणाली. "अंडं तुला भरवलं." आणि खाली बसली.

पुढचा कार्यक्रम काय झाला ते मला विचारू नका. मी शिवणाच्या वर्गात जाऊन दार लोटून बसले होते. थोड्या वेळानं सलामातू आली, मेजावर वही ठेवली, दुसरं पान उघडून दिलं आणि गेली. मी वाचलं. तुम्हाला वाचून दाखवते, मला पाठच आहे आता.

अंडं उकडलं. पोरं दोन. दोघांत वाटलं असतं तर कुणालाच पुरलं नसतं. इकेमचे पाय सुजले होते, तो गप्प पडून असायचा. धाकटी रडत होती. मी म्हटलं, जी रडतेय तिच्यात जीव आहे. शेजारची म्हातारी ओरडली, अगं, पोरांना अंडं देऊ नये, चोर होतात. मी म्हटलं, होऊ दे चोर, पण मोठी होऊ दे. ती खात होती तेव्हा इकेम बघत होता. त्यानं मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी गेला. तेव्हापासून मी तिला अंडंच म्हणते. लोकांना कळू नये म्हणून पुढे गरुड लावला. हे माझ्या तोंडून तिला सांगता यायचं नाही. तू लिहिलंयस ना, तिला वाचायला दे. ती इतिहासाची बाई आहे, तिला वाचता येईल.

चिनेके! देवा रे! एकूण एक रेघ बरोबर होती. मी पेन घेऊन बसले होते, चूक सापडावी म्हणून पुन्हा पुन्हा बघत होते, आणि एकही नव्हती.

सलामातूला ती जागा मिळाली, हे इथंच सांगून टाकते. मी सिस्टरकडे गेले आणि म्हटलं, चूक माझी होती, आणि मी तिला मुद्दाम बरोबर म्हणून सांगितलं होतं, हेही म्हटलं. नकाशे मी स्वतः नेऊन तिच्या वर्गात टांगले. म्हणून माझा हेवा गेला असं समजू नका. अजूनही भिंतीपलीकडून हसण्याचा गलका आला की सुई माझ्या बोटात जाते. पण आता तिच्या वह्यांतल्या रेघा मी तपासते, आणि सगळी पानं वाचते.

त्या दिवशी घरी आले तेव्हा दुपार होती. आई ओसरीवर सूप घेऊन बसली होती. कुणीतरी कार्यक्रमातला भात पोचवला होता, आणि त्यातला पहिला घास पानावर काढून ठेवलेला होता. मी त्या पानाकडे बघितलं. पन्नास वर्षं त्याच्याकडे रागानंच बघत आले होते. चोर, मी मनात स्वतःला म्हटलं. पडवीतली ती म्हातारी खरं तेच बोलली होती.

मी आईजवळ खाली बसले. "तिला सांगितलंस. मला का नाही?"

"तिनं आधी तिचं सांगितलं," आई बिया सोलत म्हणाली. "तिचा आजोबा तिकडच्या फौजेतून इकडे लढायला आला होता. पाय इकडेच कुठंतरी गमावला. जन्मभर गप्प राहिला आणि मेला. ती म्हणाली, आजी, मी त्यांना कधी विचारलंच नाही, म्हणून तुम्हाला विचारते. मग काय करणार मी? सांगितलं." तिनं फोलपटं फुंकली. "तू काय विचारलंस मला? औषध घेतलंस का, दार लावलंस का. तेवढंच की."

खोटं नव्हतं. मी एक बी उचलली आणि सोलायला लागले. मोडली. दुसरी घेतली.

"आई," मी म्हटलं, "इकेम कसा होता गं?"

आईचा हात थांबला. ती माझ्याकडे बघायला लागली, तिला दिसतं तेवढं. मग तिच्या तोंडावर हसू यायला लागलं, अगदी त्या पोरीबरोबर हसायची तसं.

"मेला हेवेखोर होता," ती म्हणाली. "तुला मांडीवर घेतलं की हळूच चिमटे काढायचा. मला म्हणायचा, हिला परत देऊन ये. मी विचारायचे, कुणाला रे? तर म्हणायचा, जिच्याकडून आणलीस तिला! आणि तू झोपलीस की मग तुझ्या पायाचा अंगठा धरून बसायचा, कुणी खरंच परत नेईल म्हणून."

मला हसू आलं. चांगलं मोठ्यानं हसले मी. आणि हसता हसता तो तिसरा अक्वा आला, दोन्ही स्वर वरचे, आणि थांबेचना.

आईनं सूप बाजूला ठेवलं आणि माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

"रड," ती म्हणाली. "रडतेस म्हणजे जीव आहे अजून."